अलास कोणाला म्हणायचे?

शाळेतल्या इंग्रजी व्याकरणात उद्गारवाचक शब्दांचा धडा आला, की त्यात एक माणूस हमखास मेलेला असतो. ‘अलास! ही इज डेड.’ त्याच्या मागच्या किंवा पुढच्या ओळीत कोणीतरी सामना जिंकलेला असतो आणि तिथे ‘हुर्रे!’ असते. मुले वहीत दोन रकाने आखतात, एकीकडे अलास, दुसरीकडे अरेरे. एकीकडे हुर्रे, दुसरीकडे वाहवा. आणि धडा संपतो. वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या ज्या गावात मी इंग्रजी शिकवते, तिथे माणूस गेल्याचे कळल्यावर ‘अरेरे’ म्हणणारा कोणी मला आजवर भेटलेला नाही. ऐकणारा ‘अरे बापा!’ म्हणतो, पाठोपाठ ‘कवा जी?’ विचारतो आणि पायांत चपला सरकवतो. अंगणात बायका ज्या सुरात रडतात, त्यातली प्रत्येक हाक गेलेल्या माणसालाच घातलेली असते, ‘बापा, कसा सोडून गेला गा’ किंवा ‘माय वं, आता कोणाले सांगू’. तेव्हा आमच्या त्या दोन रकान्यांची गंमत अशी, की डावीकडचा शब्द आजचा इंग्रज माणूस रडताना म्हणत नाही आणि उजवीकडचा शब्द आमच्या गावातला माणूस रडताना म्हणत नाही.

‘अलास’ जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘थकलेला’ या अर्थाच्या शब्दापर्यंत जाते. शेक्सपिअरच्या नाटकांतली पात्रे हा उद्गार खऱ्या शोकात काढतात. आज मात्र तो उरला आहे तो थोड्या मिस्कील हळहळीपुरता. दुकानापर्यंत चालत गेलो पण, अलास, ते बंद होते, अशा वाक्यात तो शोभतो. मयताच्या घरी जाऊन कोणी हा शब्द उच्चारला, तर घरच्यांना ती थट्टा वाटेल. शब्दकोशात या फरकाचा उल्लेख असतोही, पण दोन रकान्यांच्या वहीत त्याला जागा नसते. उद्गाराचा अर्थ विचारण्याआधी तो कोण काढतो, कोणासमोर काढतो आणि त्याने काय साधतो हे विचारावे लागते, असे माझे मत वर्गात उभे राहूनच बनत गेले आहे.

व्याकरणाने या शब्दांना नेहमीच शेवटच्या पंगतीला बसवले. आपल्या मराठी व्याकरणात शब्दांच्या आठ जाती मोजतात आणि केवलप्रयोगी अव्यय त्यात आठवे. ग्रीक व्याकरणकार उद्गारांना क्रियाविशेषणांतच ढकलत असत. लॅटिनमध्ये ग्रीकसारखे उपपद, म्हणजे इंग्रजीतल्या ‘द’सारखा शब्द, नव्हते, त्यामुळे जातींच्या यादीत एक जागा रिकामी झाली आणि रोमन व्याकरणकारांनी तिथे उद्गारांना बसवून आठाचा आकडा राखला. जागा मिळाली ती अशी, दुसऱ्याच्या गैरहजेरीत. पुढे १७८६ मध्ये हॉर्न टूक या इंग्रज लेखकाने तर उद्गार हा पशूंच्या पातळीचा आवाज आहे, त्याचा भाषेशी संबंधच नाही, असे ठणकावून लिहिले. मराठीत निदान त्यांची वर्गवारी मनापासून झाली. हर्षदर्शक, शोकदर्शक, तिरस्कारदर्शक, मौनदर्शक असे प्रकार आपण शाळेत पाठ केले आणि ‘म्हणे’, ‘आपलं’, ‘बापडा’ अशा शब्दांसाठी ‘व्यर्थ उद्गारवाची’ हे नावही घोकले. त्यातल्या ‘व्यर्थ’शी मी सहमत नाही. ‘तो म्हणे येणार होता’ यातला ‘म्हणे’ काढून पाहावा. बोलणाऱ्याचा सगळा अविश्वास त्याच्याबरोबर निघून जातो.

‘हुर्रे’च्या वाट्यालाही असाच कोरडा अर्थ आला आहे. इंग्रजीत तो एकट्याने फारसा म्हणायचा शब्द नाही. एकजण ‘हिप हिप’ म्हणतो आणि जमलेले सगळे ‘हुर्रे’ म्हणून उत्तर देतात, तेही बहुधा तीनदा. ही रीत समजावून सांगायला विदर्भातल्या मुलांपुढे फार वेळ लागत नाही, कारण पोळ्याला त्यांनी ती पाहिलेली असते. तोरणाखाली सजवलेल्या बैलजोड्या उभ्या राहतात, कोणीतरी पुढे होऊन झडती, म्हणजे पोळ्याचे खोचक गाणे, म्हणायला लागतो, तीत गावातल्या सावकारापासून कापसाच्या भावापर्यंत कोणाचीही टर उडवलेली असू शकते, आणि शेवटी तो ‘एक नमन गौरा पारबती, हर बोला’ असे ओरडला की सगळे पटांगण ‘हर हर महादेव’ म्हणते. दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत, म्हणजे गावातल्या पीडेचे प्रतीक, गावाबाहेर घालवताना ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असा गलका होतो, तोही एकट्याचा नसतो. मी वर्गात ‘हिप हिप’ म्हटले आणि पोरांनी काहीही न सांगता हुर्रेचा पुकारा केला, तेव्हा शब्दाचा अर्थ विचारण्याचे कोणाला सुचलेही नाही.

काही उद्गार मात्र शरीराच्या इतके जवळ आहेत, की तिथे भाषांमधले अंतर कमी होते. कापूस वेचताना उकललेल्या बोंडाची वाळलेली टोके नखाच्या मुळाशी शिरतात. वेचणाऱ्या बाईचा हात थांबत नाही, ओटीत कापूस पडतच असतो, पण तोंडातून ‘स्स्’ आणि मग ‘अवं माय’ निघते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जगातल्या १३१ भाषांमधले उद्गार तपासले गेले. वेदनेच्या उद्गारांत तोंड मोठे उघडणारा ‘आ’सारखा स्वर आणि ‘आय’, ‘आऊ’ अशी स्वरांची जोडी सगळीकडे अपेक्षेपेक्षा जास्त आढळली. आनंदाच्या आणि किळसेच्या उद्गारांत असे सामाईक काही सापडले नाही. ‘आऊच’, ‘आई गं’, ‘अयाई’ हे शेजारी शेजारी ठेवले, की कानालाही ते पटते. तरीही ‘आऊच’ हा शब्द आहे, किंकाळी नाही. खरोखर हाड मोडलेला इंग्रज माणूस ‘आऊच’ म्हणत नाही, तो ओरडतो. सुई टोचली, बोट दारात सापडले, एवढ्यापुरता तो शब्द आहे, आणि त्याचा दुसरा उपयोग तर कातडीला काहीच न लागता होतो. मित्राने दवाखान्याच्या बिलाचा आकडा सांगितला, की ऐकणारा ‘आऊच’ म्हणतो. ती सहानुभूती झाली. आमच्याकडे अशा आकड्याला ‘बापा बापा बापा’ म्हणतात आणि आकडा जितका मोठा तितके बापा वाढतात.

न ऐकू आल्यावर निघणारा ‘हं?’ हाही याच कुळातला. २०१३ मध्ये मार्क डिंगेमान्सं या भाषाशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ३१ भाषांची तुलना करून दाखवले, की या जागी जवळजवळ सगळ्या भाषांत एकसारखाच, छोटा, प्रश्नाच्या सुरातला आवाज येतो. त्याबद्दल त्यांना २०१५ मध्ये इग नोबेल हे आधी हसवणारे आणि मग विचार करायला लावणारे पारितोषिक मिळाले. आमच्याकडचा ‘आं?’ त्याच मापाचा आहे. पण तो कोणाला म्हणायचा याचे नियम दोन्हीकडे कडक आहेत. इंग्रजीत शिक्षकाला किंवा वडीलधाऱ्याला ‘हं?’ केले तर ते उद्धट ठरते, तिथे ‘सॉरी?’ किंवा ‘पार्डन?’ लागते. आमच्या गावात शेजारच्या पोट्ट्याला ‘आं?’ चालते, मोठ्या माणसाला ‘काय जी?’ म्हणावे लागते. हा नियम मुलांना इंग्रजीत मुद्दाम शिकवावा लागत नाही. तुम्ही घरी ‘जी’ कुठे लावता, असे विचारले की पुरे होते.

‘ऊप्स’ हा मला सगळ्यांत हुशार इंग्रजी उद्गार वाटतो. अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये अशा उद्गारांवर एक निबंध लिहिला आणि त्यात ‘ऊप्स’चे फार बारकाईने निरीक्षण केले. हातातून वस्तू निसटली तर खरे म्हणजे माणसाने गप्प राहायला हरकत नाही. पण चारचौघांत काही सांडले, की बघणाऱ्यांना शंका येते, याचे हातपाय ताब्यात आहेत ना? ‘ऊप्स’ म्हणणारा त्यांना कळवतो, की जे झाले ते माझ्या लक्षात आले आहे, ते किरकोळ आहे आणि बाकी सारे ठीक आहे. म्हणूनच तो थोड्याशा सांडलेल्या चहाला शोभतो. उसाने भरलेली ट्रॉली घाटात उलटल्यावर चालकाने ‘ऊप्स’ म्हटले, तर लोक त्याला मारायला धावतील. आई मांडीवरच्या लेकराला वर उडवते तेव्हा इंग्रजीत ‘ऊप्सी डेझी’ म्हणते, तिथे तर चूक झालेलीच नसते. तोल गेल्याचे सोंग आणि तो सावरल्याची हमी एकाच शब्दात दिलेली असते. आमची मुले हल्ली मोबाइलवरून हा शब्द शिकून येतात आणि पेन खाली पडल्यावर अगदी योग्य जागी वापरतात. घरी तीच मुले ‘अर्र’ म्हणतात. व्याकरणाच्या पुस्तकात मात्र ‘ऊप्स’ला प्रवेश नाही, तिथे अजून माणूस मरतो आहे.

मराठी आणि इंग्रजी उद्गारांत मला जाणवणारा मोठा फरक हा, की आपल्या उद्गारांत बरेचदा समोरचा माणूस बसलेला असतो. ‘अरे’ आणि ‘अगं’ यांत ऐकणारा पुरुष की बाई हे ठरलेले असते. विदर्भात तर ‘गा’, ‘वं’, ‘जी’, ‘बे’ यांतून नाते, वय आणि सलगी सगळेच कळते, आणि ‘बे’ चुकीच्या माणसाला लागला तर भांडण होते. समोर कोणी नसेल तर आपण आईबापांना बोलावतो. इंग्रजीत त्या जागी देव येतो, आणि तोही तोंड झाकून. बायबलच्या दहा आज्ञांत देवाचे नाव उगाच घेऊ नये अशी एक आज्ञा आहे. त्या धाकामुळे नाव घ्यायचे पण पुरते घ्यायचे नाही, अशी युक्ती इंग्रजी बोलणाऱ्यांनी काढली. ‘गॉश’ आणि ‘गॉली’ ही ‘गॉड’ची वेषांतरे आहेत, ‘जीझ’ आणि ‘जी’ ही येशूच्या नावाची, ‘हेक’ हे नरकाच्या नावाचे आणि ‘डार्न’ हे शापाचे सौम्य रूप. जुना ‘झाउंड्झ’ म्हणजे देवाच्या जखमांची आण. ती इतकी आखडली, की आण घेतल्यासारखी वाटू नये. इंग्लंडमध्ये १६०६ मध्ये कायदाच झाला, की रंगभूमीवर देवाचे नाव थट्टेने किंवा उगाच घेतले तर दहा पौंड दंड. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ची १६२२ ची छापील प्रत आणि पुढच्याच वर्षीचा नाटकांचा मोठा ग्रंथ ताडून पाहिले, तर पहिल्यात असलेल्या अशा शपथा दुसऱ्यातून गळलेल्या दिसतात.

आपल्याला ही धास्ती कधी नव्हती. ‘अरे देवा’, ‘राम राम राम’, ‘विठ्ठला’ हे म्हणताना कोणाला पाप वाटत नाही, उलट तेवढेच नामस्मरण झाले असे म्हणणाऱ्या म्हाताऱ्या आमच्या गावात आहेत. म्हणून ‘ओ माय गॉड’ आपल्या मुलांच्या तोंडी इतक्या सहज बसले असावे. त्याचे ‘ओएमजी’ हे आखूड रूप मोबाइलचे अपत्य आहे असे सगळे समजतात, पण ते त्याहून फार जुने आहे. ब्रिटिश आरमाराचे निवृत्त प्रमुख लॉर्ड फिशर यांनी ९ सप्टेंबर १९१७ रोजी विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात ही तीन अक्षरे वापरली आणि कंसात त्यांचा उलगडाही करून दिला. पहिले महायुद्ध चालू असताना पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाने ते लिहिले. आमच्या सातवीतल्या मुलींना हे सांगितले, तर त्यांनी आधी विश्वास ठेवला नाही आणि मग ‘बाप्पा!’ म्हटले. धार्मिक इंग्रज घरांत मात्र पाहुण्याने ‘ओ माय गॉड’ म्हटलेले अजूनही खटकते, हेही मी त्यांना सांगते.

लिहिलेल्या उद्गारांची तऱ्हा निराळीच. जिभेचा टाळूजवळ होणारा चुटका आपण हळहळताना काढतो आणि बैलाला हाकतानाही काढतो. इंग्रजीत तो स्वराशिवाय ‘त्स्क’ असा लिहितात आणि मग तो नुसता वाचूनच शिकलेली माणसे त्याचा खराच तसा उच्चार करू लागतात. उद्गारचिन्हही आपले नव्हे. मोडीत आणि पोथ्यांत दंडाखेरीज फारसे काही नसे. इंग्रजीतली विरामचिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका १८५० ची. इंग्रजीत मात्र हे चिन्ह जपून वापरावे असा दंडक आहे. जुन्या इंग्रजी टंकलेखन यंत्रांपैकी पुष्कळांवर त्याची स्वतंत्र कळ नसे. आधी पूर्णविराम उमटवायचा, एक घर मागे यायचे आणि त्याच्या डोक्यावर अपॉस्ट्रॉफी ठोकायची, एवढे केल्यावर उद्गार उमटे. एवढे कष्ट पडले तर माणूस खरोखरच आश्चर्य वाटल्याशिवाय ते चिन्ह काढणार नाही. आमच्या गावच्या चौकातला फलक पाहावा. ‘भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ यानंतर चार चिन्हे, ‘शुभेच्छुक’ यानंतर दोन, आणि भाऊंच्या चेहऱ्यावर कसलाही उद्गार नाही.

दहावीच्या मुलांना ज्याची भीती वाटते, तो प्रकार वेगळा आहे, उद्गारार्थी वाक्याचे विधानार्थी करा आणि विधानार्थीचे उद्गारार्थी करा. ‘इट इज अ व्हेरी ब्यूटिफुल फ्लॉवर’ दिले, की ‘व्हॉट अ ब्यूटिफुल फ्लॉवर इट इज!’ लिहायचे. मुले ‘व्हेरी’ खोडून पुढे ‘व्हॉट अ’ चिकटवण्याचे तंत्र पाठ करतात आणि गुण मिळवतात. हे करताना त्यांच्या कोणी लक्षात आणून देत नाही, की ही रचना ती रोज वापरतात. ‘काय पाऊस पडला बापा!’ यातला ‘काय’ प्रश्न विचारत नाही. ‘किती मोठं झालं वं पोट्टं!’ म्हणणाऱ्या आजीला उंची सेंटिमीटरमध्ये नको असते. इंग्रजीने ‘व्हॉट’ आणि ‘हाऊ’ हे प्रश्नार्थक शब्द उद्गाराला जुंपले, आपण ‘काय’ आणि ‘किती’ जुंपले. नामावर जोर असला तर ‘व्हॉट’, विशेषणावर किंवा क्रियाविशेषणावर असला तर ‘हाऊ’, ही वाटणी ‘काय पाऊस’ आणि ‘किती मोठं’ या जोडीवरून मुलांना पटकन उमगते.

अडचण पुढे आहे. मराठीत प्रश्न आणि उद्गार यांत शब्दांचा क्रम तोच राहू शकतो, फरक सुराचा असतो. ‘किती उंच आहे तो’ हे दोन्ही प्रकारे म्हणता येते. इंग्रजीत क्रमच फिरतो. ‘हाऊ टॉल इज ही?’ हा प्रश्न आणि ‘हाऊ टॉल ही इज!’ हा उद्गार. आमची मुले दोन्हीकडे प्रश्नाचाच क्रम ठेवतात, कारण ‘हाऊ’ दिसला की प्रश्न, असे त्यांच्या मनावर पहिलीपासून बिंबलेले असते. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आले, त्याआधी ते पाचवीपासून होते. वर्षे वाढली, पण ‘हाऊ’चा हा दुसरा चेहरा मुलांना भेटतो तो थेट परीक्षेतल्या गाळलेल्या जागेत. शिवाय पूर्ण वाक्य बोलण्यात क्वचितच येते. ‘हाऊ नाइस!’, ‘व्हॉट अ पिटी!’ एवढ्यावर काम भागते, आणि ‘व्हॉट अ पिटी’ हे शब्दशः केवढेही जड वाटले, तरी ते सहल रद्द झाल्यावर म्हणायचे असते, कोणाची विहीर खचल्यावर नव्हे.

आता ‘ओह’. इंग्रजी संभाषणात तो जागोजागी असतो आणि त्याचा अर्थ कोणालाच नीट सांगता येत नाही. जॉन हेरिटेज या संशोधकाने १९८४ मध्ये प्रत्यक्ष संभाषणांच्या नोंदी तपासून एक साधी गोष्ट मांडली. ‘ओह’ म्हणणारा सांगत असतो, की हे मला आत्ता कळले, एका क्षणापूर्वी ठाऊक नव्हते. मग तो उद्गार आनंदाचा की दुःखाचा हे पुढचे शब्द आणि सूर ठरवतात. आमच्याकडे फोनवर ‘असं का जी!’ किंवा ‘हाव का!’ म्हणतात ते हेच. बाजार समितीतून मुलगा कापसाचा भाव कळवतो, इकडे बाप ‘असं का’ म्हणतो, आणि त्या दोन शब्दांच्या चढउतारावरून घरातल्या सगळ्यांना भाव कळतो.

हेरिटेजचे दुसरे निरीक्षण मला शिक्षिका म्हणून जास्त लागले. ज्याला उत्तर आधीच माहीत आहे असा माणूस प्रश्न विचारतो, तेव्हा उत्तर ऐकून तो ‘ओह’ म्हणत नाही. असा माणूस म्हणजे शिक्षक. आम्ही विचारतो ‘व्हॉट इज धिस?’, मूल म्हणते ‘धिस इज अ पेन’, आम्ही ‘गुड’ म्हणतो. पेन आम्हालाही दिसत असते. आमच्या मुलांना इंग्रजी ऐकायला मिळते ते बहुतेक वर्गातच, आणि तिथे कोणी कोणाला काही नवे सांगत नसल्यामुळे त्यांच्या कानावर खरा ‘ओह’ पडतच नाही. तो चित्रपटातून आणि मोबाइलवरून येतो, म्हणजे दुसऱ्यांच्या गोष्टी ऐकताना.

म्हणून हल्ली तासाच्या सुरुवातीला मी ज्याचे उत्तर मला ठाऊक नाही असेच काहीतरी विचारते. घरी कोण पाहुणे आले, तुरीला पाणी दिले का, रात्री लाइट किती वाजता आली. वाक्ये मोडकीतोडकी असतात, पण बातमी खरी असते, त्यामुळे माझा ‘ओह’ही खरा असतो आणि शेजारच्या बाकावरूनही तो आपोआप यायला लागतो. परवा एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘मॅडम, अवर बफेलो गिव्ह बर्थ.’ मी ‘ओह!’ म्हटले. मागच्या बाकावरच्या एका मुलाला ते पटले नाही. ‘मॅडम, आधी विचारा ना तिले, काय झालं ते,’ तो म्हणाला. ‘वगार असन तं वॉव म्हणा, हेला असन तं ओह.’ आणि हेल्याचा, म्हणजे रेडकू नर निघाल्याचा, ‘ओह’ कसा म्हणायचा, हे त्याने सूर खाली ओढून म्हणूनही दाखवले.